माझी जागा ठेवा

१

आदल्या संध्याकाळी पलंगावर कुणाला बसायला जागा नव्हती. फोटोग्राफरनं आपला सगळा संसार तिथे मांडला होता. दोन कॅमेरे, लांबची लेन्स, मधली लेन्स, एक बुटकी लेन्स, बॅटऱ्या, कार्डं, पाण्याच्या खेळांसाठी प्लॅस्टिकचं आवरण, पुसायची फडकी आणि घडी घातलेला ट्रायपॉड. त्याचा दुसरा संसार, म्हणजे बायको, मुलगी आणि चार दिवस राहायला आलेल्या सासूबाई, दारात उभं राहून हे बघत होता.

लग्नं आणि समारंभ टिपण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. बायको हाडांच्या दवाखान्यात लोकांना मानेचे आणि पाठीचे व्यायाम शिकवायची, आणि घरातली मान मात्र कॅमेऱ्याच्या पट्ट्यानं दिवसेंदिवस वाकत चाललेली बघायची. दिव्याखाली अंधार, असं ती स्वतःच म्हणायची. तिनं वजनकाटा आणून पलंगाशी ठेवला आणि सांगितलं, की उद्या दिवसभर पाळण्या-होड्यांच्या त्या मोठ्या खेळनगरीत पायी फिरायचंय, बरोबर लहान मूल आहे, म्हातारी आई आहे, तेव्हा ओझ्याचा बैल बरोबर नको. एक कॅमेरा, एक लेन्स.

त्यानं बरीच घासाघीस केली. शेवटी जुना जडशीळ कॅमेरा कपाटात गेला आणि नवा हलका कॅमेरा पिशवीत आला. या नव्याला चेहरे ओळखता यायचे. घरच्यांचे चेहरे एकदा दाखवून ठेवले, की गर्दीतही तो त्यांना बरोबर हुडकून काढायचा. पडद्यावर ओळखीच्या चेहऱ्याभोवती पिवळी चौकट यायची, परक्याभोवती पांढरी. त्यानं तिघींना एकेक करून खुर्चीवर बसवलं आणि त्यांचे चेहरे कॅमेऱ्याला शिकवले. सासूबाईंनी त्यासाठी साडी बदलली.

“आणि तुझा?” बायकोनं विचारलं.

“मी तर मागे असतो. मला कोण शोधणार?”

मुलीला सगळे भिंगरी म्हणत. पाय एका जागी ठरत नसे म्हणून, आणि भिंगवाल्याची पोर म्हणूनही. ती आईच्या कमरेला विळखा घालून उभी होती. ती म्हणाली, “बाबा, उद्या माझा तुझ्याबरोबर एक फोटो काढ.”

“इतके तर काढतो तुझे.”

“माझे काढतोस. तुझ्याबरोबर नाही.”

हे खरं होतं. घराच्या भिंती फोटोंनी भरल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेकांत मधोमध एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा होती. फोटो काढताना तो दर वेळी सगळ्यांना उभं करायचा, “माझी जागा ठेवा, मी आलोच” म्हणून बजावायचा, आणि मग धंद्याची सवय आडवी यायची. कुणाचे डोळे मिटले असतील म्हणून प्रत्येक फोटोनंतर “अजून एक” म्हणायचं, हे त्याच्या अंगातच मुरलं होतं. अजून एक, अजून एक करता करता उजेड जायचा किंवा कुणाचा तरी फोन यायचा. पाहुणे विचारायचे, की इथून कुणाला कापून काढलंय का. भिंगरीला दात यायच्या आधीचा एक फोटो होता, त्यात बापाचं कोपर आलं होतं.

त्यानं तिला वचन दिलं. ती नाचत गेली. बायको मात्र तिथेच उभी राहिली.

“या खेपेला फसवू नकोस तिला,” ती म्हणाली. “अजून दोन-चारदा मागेल ती. मग मागायची थांबेल.”

२

फाटकावरच्या रखवालदारानं सासूबाईंच्या छत्रीच्या पिशवीतून ट्रायपॉड बाहेर काढला, तेव्हा सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. जावयानं गुपचूप तो तिथे खुपसला होता. जावई म्हणजे दहावा ग्रह, हे त्यांचं आवडतं मत त्यांनी तिथल्या तिथे रखवालदारालाही ऐकवलं. आत ट्रायपॉड चालत नसे. तो फाटकावर जमा झाला, भिंगरी पोट धरून हसली आणि सगळे आत शिरले.

आत शिरल्या शिरल्या एक मोठं कारंजं होतं आणि त्याच्यामागे निळ्या रंगाची लांबलचक भिंत. पहिला फोटो तिथे काढायचं ठरलं. बायको एका बाजूला, भिंगरी दुसऱ्या बाजूला, तिच्या पलीकडे सासूबाई. बायको आणि भिंगरीच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा त्यांनी न सांगता सोडली. सवयच होती ती.

“माझी जागा ठेवा,” तो तरीही म्हणाला. पडद्यावर तीन पिवळ्या चौकटी आल्या. त्यानं फोटो घेतला. मग लग्नाच्या मांडवात द्यायचा तसा खणखणीत आवाज दिला, “अजून एक! या, या, पुढे या.”

मोकळ्या जागेत चौथी चौकट उमटली. पांढरी.

ती बायकोच्या चेहऱ्यापेक्षा थोडी वर होती. त्यानं मान वर करून बघितलं. तिथे निळी भिंत होती आणि भिंतीवर काही नव्हतं. चित्र नाही, डाग नाही, सावली नाही. त्याला याचं फार नवल वाटलं नाही. असल्या कॅमेऱ्यांना काहीही चेहरा वाटतं. एका लग्नात तर कॅमेऱ्यानं नवरदेवाला सोडून मागच्या स्विचबोर्डावर चौकट धरली होती आणि वऱ्हाडी चार दिवस हसत होते.

फक्त ती चौकट स्थिर नव्हती. बारीकशी वरखाली होत होती, श्वास घेणाऱ्या माणसावर होते तशी. त्यानं “झालं” म्हटल्यावर तिघी पांगल्या आणि पुढच्या रस्त्याला लागल्या. पडद्यावर चौथी चौकटही त्यांच्याबरोबर निघाली आणि काठाशी जाऊन विझली.

“बाबा, आता तू ये,” भिंगरी मागे वळून म्हणाली. कॅमेरा ठेवायला तिथे काही नव्हतं. पुढच्या ठिकाणी येतो, असं तो म्हणाला.

३

पुढचं ठिकाण म्हणजे अंधाऱ्या बोगद्यातून जाणाऱ्या होड्या. चार माणसांची एक होडी, पुढे दोघं आणि मागे दोघं. कॅमेरा घेऊन बसायला मनाई होती. बायको म्हणाली, की लॉकरमध्ये टाक आणि चल. भिंगरीनं त्याची बाही ओढली. पण बोगद्याच्या तोंडावरच एक छोटा पूल होता आणि तिथून होडी बाहेर येताना काय सुंदर दिसेल, हे त्याच्या डोळ्यांपुढे आधीच उभं राहिलं होतं. मी वरून काढतो, असं सांगून तो रांगेची साखळी ओलांडून बाहेर पडला. भिंगरीनं बाही सोडली.

पुलावरून त्याला धक्का दिसत होता. सासूबाई आणि बायको मागे बसल्या, भिंगरी पुढे. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. रांगेत पुढे एक उंच, एकटा विद्यार्थी उभा होता. तो होडीत पाय टाकायला आला, तेव्हा तिथल्या माणसानं हात आडवा केला. मग त्या माणसानं लोखंडी दांडा खाली ओढला आणि नीट बसलाय का ते हलवून बघितलं. आधी भिंगरीसमोर, मग रिकाम्या जागेसमोर. हलवताना तो तिथे बघून काहीतरी बोलला आणि हसला.

लहान मुलीशेजारी परका पुरुष बसवत नसतील, असं फोटोग्राफरनं स्वतःला समजावलं. चांगलाच नियम होता. असा नियम करणाऱ्याचं कौतुक करावं, असंही त्याच्या मनात आलं, आणि तरी त्या हसण्याचं काय करावं हे त्याला कळेना.

होडी बोगद्यात शिरली. आतून साखळीचा खडखडाट येत होता, पाण्याचा आवाज येत होता, आणि मधूनच किंचाळ्या, विहिरीतून आल्यासारख्या. तो कॅमेरा रोखून उभा राहिला. होडी उजेडात आली आणि पडद्यावर तीन पिवळ्या चौकटी झळकल्या, आणि भिंगरीशेजारी एक पांढरी. होडी खाली घसरली, चारही चौकटी एकदम मागे रेलल्या, पाणी उडालं. त्याचं बोट आपसूक दाबलं गेलं.

तिघी बाहेर आल्या, तेव्हा बायको आणि सासूबाई चिंब होत्या. भिंगरी उजवीकडून भिजली होती. तिची डावी बाजू, रिकाम्या जागेकडची, कोरडी ठणठणीत होती. पाणी एकाच बाजूनं उडतं, बायको केस पिळत म्हणाली. शक्य होतं. पाणी कुठल्याही बाजूनं उडू शकतं.

४

खायला बसायची जागा सावलीत होती, चार-चार खुर्च्यांची गोल टेबलं. फोटोग्राफर तिघींना बसवून भिंतीच्या कोपऱ्यात गेला. एक कॅमेरा, एक लेन्स, असं ठरलं होतं खरं, पण बुटकी लेन्स त्यानं जॅकेटच्या आतल्या खिशातून आणलीच होती. लेन्स बदलताना धूळ आत जाऊ नये म्हणून त्यानं भिंतीकडे तोंड केलं, आणि बायकोला दिसू नये म्हणूनही.

तो परत आला, तेव्हा चारही सँडविच आलेली होती. तिघींची त्यांच्यापुढे. चौथं चौथ्या खुर्चीपुढे होतं आणि ते अर्धं खाल्लेलं होतं. खुर्ची टेबलापासून जराशी मागे सरकवलेली होती, माणूस हात धुवायला उठला की राहते तशी.

“माझं कुणी खाल्लं?” त्यानं हसत विचारलं.

“तूच खाल्लंस ना,” बायको ताटलीतून वर न बघता म्हणाली. “आत्ताच तर खात होतास.”

तो म्हणाला, की मी तर तिकडे कोपऱ्यात होतो. तिनं वर बघितलं. कुठला खांदा दुखतो हेच न आठवणाऱ्या पेशंटकडे तिनं असं बघितलं असतं. मग ती म्हणाली, की भिंगरीनं खाल्लं असेल, आणि विषय तिथेच राहिला. भिंगरीची खोड तशी होतीच. पण भिंगरीपुढचं तिचं स्वतःचं सँडविच अजून निम्मंही संपलेलं नव्हतं.

त्या खुर्चीवर तो बसला नाही. का, हे त्याला सांगता आलं नसतं. त्यानं शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि भिंगरीच्या पलीकडे, जरा बाहेरच, बसला. तिनं पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली.

“घ्या,” ती म्हणाली.

“काय?”

“पाणी घ्या.”

जन्मात ती त्याला ‘घ्या’ म्हणाली नव्हती. घे, ये, बस, असंच बोलायची. मग त्याला आठवलं, की सासूबाईंनी आल्यापासून मोहीमच उघडली होती, बापाला कुणी अरे-तुरे करतं का म्हणून. त्यांची शिकवणी फळाला आली म्हणायची. त्यानं पाणी घेतलं. ते घशाखाली उतरताना त्याला उगाचच वाईट वाटत होतं.

५

दुपारी ऊन चढलं. तिघी आइस्क्रीमच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि तो समोरच्या बाकावर बसून सकाळपासूनचे फोटो बघू लागला. फोटोंत चौथं कुणी नव्हतं. कारंज्यापाशी निळी भिंत होती, होडीत रिकामी बैठक. एवढी खात्री झाल्यावर त्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता.

पण होडीतल्या फोटोत भिंगरी पुढे बघत नव्हती. सगळे किंचाळत असताना ती डावीकडे, वर बघत होती, शेजारी उंच माणूस बसला असता तर त्याचा चेहरा जिथे आला असता तिथे. आणि हसत होती. त्यानं तिचे हजारो फोटो काढले होते. कॅमेऱ्यासाठी हसताना ती दात दाखवायची आणि मान वाकडी करायची. हे हसू निराळं होतं. हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

त्यानं कॅमेरा वर केला. आता कुणाला उभं केलेलं नव्हतं, कुणाला आवाज दिलेला नव्हता. तिघी रांगेत पाठमोऱ्या होत्या, त्यामुळे पडद्यावर काहीच नव्हतं. मग बायको वळली, सासूबाई वळल्या, भिंगरी वळली. तीन चौकटी. त्यांच्यामधे थोडी जागा होती. क्षणभरानं, कुणीतरी सगळ्यांच्या शेवटी सावकाश मागे वळून बघावं तशी, चौथी चौकट आली.

या वेळी ती पिवळी होती.

त्यानं कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला. लेन्स पुसली. बॅटरी काढून दुसरी घातली. चौकट पिवळीच राहिली. आपण तीन चेहरे शिकवले होते, तीनच, हे तो मनात पुन्हापुन्हा म्हणत राहिला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं त्यानं स्वतःला बजावलं. दिवसभराचं ऊन, रिकामं पोट, एखाद्या यंत्राचा बिघाड. यंत्र बिघडलं तर दुरुस्तीला टाकायचं, त्याला घाबरायचं नसतं. तो उठला आणि कॅमेरा सरळ लॉकरमध्ये टाकून आला.

“तुमचं झालं?” बायकोनं विचारलं. बोलताना तिचं लक्ष आइस्क्रीमकडे होतं. तुमचं म्हणजे आपलं आणि सासूबाईंचं, असा त्यानं अर्थ लावला. पण सासूबाईंचं आइस्क्रीम अजून यायचंच होतं.

६

कॅमेऱ्याशिवाय चालायची त्याला सवय नव्हती. मान हलकी वाटत होती आणि हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. खोट्या दुकानांच्या खोट्या रस्त्यावरून चौघं चालले होते. तिघी पुढे, तो मागे. कुठूनतरी भोंग्यांवर तीच ती धून वाजत होती.

मागून चालताना त्याला ते दिसलं. बायको आणि भिंगरी यांच्यामधे अंतर होतं. चालतानाही. समोरून गर्दी येत होती, लोक एकमेकांना खेटून वाट काढत होते, पण त्या दोघींमधल्या रिकाम्या जागेत कुणी घुसत नव्हतं. येणारा प्रत्येक जण तिला वळसा घालून जात होता. एक घाईतला बाप्या अगदी जवळ आला, अंग चोरून बाजूला झाला आणि ओशाळं हसला. भिंगरीचा डावा हात अंगापासून जरा लांब, वर धरलेला होता. बोटं अर्धवट मिटलेली.

तो धावत पुढे गेला आणि मधे घुसला. काहीही झालं नाही. त्यानं भिंगरीचा हात हातात घेतला. तिचा तळवा गरम होता, घामेजलेला होता, नुकताच कुणीतरी सोडला असावा तसा. काही पावलं ते तिघं बरोबर चालले आणि त्याला इतकं बरं वाटलं, की त्यानं त्या धुनीवर शीळ घातली.

मग भिंगरीनं हात सोडवून घेतला. झटकला नाही, हळूच काढला. अनोळखी मोठ्या माणसानं हात धरला तर मुलं काढतात तसा. तो तिनं फ्रॉकला पुसला आणि वळसा घालून ती आईच्या दुसऱ्या बाजूला गेली. तिथे, तिच्या आणि आईच्या मधे, पुन्हा तेवढीच जागा सुटली.

“जावईबापू, सावलीतून चला जरा,” सासूबाई म्हणाल्या. बोलताना त्यांची नजर त्या मोकळ्या जागेकडे होती. त्यांचे डोळे अधू होते, मोतीबिंदू पिकत आला होता, खांबालासुद्धा त्या कधीकधी नमस्कार करत. पण फोटोग्राफर त्यांच्या अगदी शेजारी उभा होता, आणि त्या गप्प राहिल्या. कुणीतरी काहीतरी उत्तर दिलं असावं आणि ते ऐकत असाव्यात, तशा. मग त्यांनी मान डोलावली.

फोटोग्राफर घाबरला. आता त्याला समजूत घालता येईना, आणि घालायची इच्छाही उरली नाही. एकच गोष्ट त्याला लख्ख कळली. ती जागा आपली आहे. आपण ठेवायला सांगितली आणि गेलो नाही. अजूनही गेलो, उभे राहिलो, तर झालं. भिंगरीला एक फोटो हवा होता, तो तिला आत्ताच्या आत्ता द्यायचा.

तो लॉकरकडे पळत सुटला.

७

बाहेर जायच्या वाटेवर एक बाग होती आणि तिला बसका कठडा होता. ऊन कलतं झालं होतं. कठड्यासमोर त्यानं तिघींना उभं केलं.

“जागा ठेवू नका,” तो म्हणाला. “चिकटून उभ्या राहा. मी कडेला येतो.”

“हो,” बायको म्हणाली, आणि त्या होत्या तशाच उभ्या राहिल्या. मधे जागा होती. त्यानं पुन्हा सांगितलं. भिंगरीनं खालीवर बघितलं, अजून कुठे सरकायचं असं विचारल्यासारखं.

त्यानं कॅमेरा कठड्यावर टेकवला. पडदा उलटा फिरवला, म्हणजे समोर उभं राहिलेल्यालाही स्वतःला बघता यावं. टायमर लावला. लाल दिवा लुकलुकायला लागला, टिकटिक सुरू झाली आणि तो त्यांच्याकडे चालत निघाला. फार लांब नव्हतं. भिंगरीचा चेहरा उन्हात उजळला होता आणि तो तिच्या डावीकडची जागा डोळ्यांनी धरून चालला होता. जागा रिकामी होती. गवत दिसत होतं, मागचं झाड दिसत होतं.

तो त्या जागेत शिरला आणि त्याचा खांदा कापडाला लागला. कापडाखाली काहीतरी उबदार होतं आणि ते हललं नाही.

त्यानं समोर बघितलं. छोट्या पडद्यावर सगळे होते. चार पिवळ्या चौकटी शेजारी शेजारी, आणि त्यांच्या पुढ्यात, अर्ध्यांना झाकत, एक माणूस. त्याच्या चेहऱ्याभोवती पांढरी चौकट होती.

“जरा बाजूला होता का?” बायको म्हणाली. आवाज मऊ होता, दवाखान्यात नव्या माणसाशी बोलतात तसा. “फोटो चाललाय आमचा.”

खटका वाजला. तो बाजूला झाला होता की नव्हता, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. पाय मात्र मागे मागे गेले आणि कठड्याला लागल्यावर थांबले. त्यानं बायकोला हाक मारली. घरातल्या घरात मारायचा त्या नावानं. ती अवघडून हसली आणि तिनं शेजारी, वर बघितलं.

भिंगरी धावत आली. कठड्यावरचा कॅमेरा तिनं दोन्ही हातांनी, जपून, उचलला आणि त्याच्यापुढे धरला. ती इतकी खूश होती, की तिच्यानं एका जागी उभं राहवत नव्हतं.

“काका, तुम्ही काढता का?” ती म्हणाली. “मघाच्या फोटोत कुणीतरी मधे आलं. आमचे बाबा कधीच फोटोत नसतात. आज आलेत.”

“भिंगरी,” तो म्हणाला. “अगं, मी...”

तिनं एक पाऊल मागे घेतलं. आपलं नाव या माणसाला कसं ठाऊक, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. पण फोटोची हौस मोठी होती. कॅमेरा त्याच्या हातात देऊन ती वळली आणि पळत जाऊन आपल्या जागी उभी राहिली. तिच्या डोक्यावर कुणाचातरी हात आला. तिनं वर बघितलं आणि हसली. ते हसू त्यानं दुपारी बाकावर बसून पाहिलं होतं.

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. आता मधे जागा नव्हती. बायकोचा हात कुणाच्या तरी दंडात होता, सासूबाई पदर सावरत होत्या. चौथ्याच्या चेहऱ्याभोवती चौकट होती, आणि आत ऊन इतकं होतं की चेहरा काही नीट दिसेना. नुसत्या डोळ्यांनी बघावं म्हणून कॅमेरा खाली घ्यायची त्याची छाती झाली नाही.

फोटो निघाला, की ते आभार मानणार होते आणि फाटकाकडे चालायला लागणार होते. तो बटणावर बोट ठेवून तसाच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

“काका,” भिंगरी हसू न मोडता ओठांतल्या ओठांत म्हणाली, “काढा ना.”